विद्यापीठाच्या खिडकीमागची पहिली नोकरी: मुलाखतीत नेमकं काय विचारतात?

वडोदरा: गोरवा म्हटलं की आधी आठवते ती औद्योगिक वसाहत आणि आयटीआय. पहिली नोकरी म्हणजे एखादी शेड, नाहीतर कुणाच्या तरी दुकानाचा हिशेब, असं घरातली मोठी माणसं अजूनही धरून चालतात. पण बीकॉम, बीए, समाजकार्य झालेली मराठी घरांतली मुलं आता विद्यापीठांच्या विद्यार्थी विभागातही अर्ज टाकतात. 1949 साली स्थापन झालेलं महाराजा सयाजीराव विद्यापीठ गोरव्यापासून फारसं लांब नाही. शिवाय भायलीला नवरचना, फर्टिलायझरनगरला जीएसएफसी, वाघोडियाकडे पारुल अशी खासगी विद्यापीठं आहेत. नंदुरबार, नवापूर, धुळ्याकडची मुलंही शिकायला येतात आणि इथेच काम मिळतंय का ते पाहतात.

विद्यार्थी विभाग म्हणजे प्रवेश, फी, शिष्यवृत्ती, वसतिगृह, तक्रारी, समुपदेशन, परदेशी विद्यार्थी. शिकवणं आणि परीक्षा सोडून विद्यार्थ्याला जे जे लागतं ते सगळं. मुलाखतीला जाणारा उमेदवार बहुधा स्वतःच्या विषयाची तयारी करून जातो आणि तिथेच फसतो. समोरच्यांना ताळेबंद ऐकायचा नसतो. "फी भरायची मुदत काल संपली आणि मुलगी रडत खिडकीवर आलीय, काय कराल?" या धर्तीचे प्रश्न येतात. "मी लगेच भरून घेईन" हे उत्तर ऐकायला गोड, पण चुकीचं. मुदत वाढवायचा अधिकार खिडकीवरच्या माणसाला नसतो. मुलीला बसवायचं, अर्ज लिहून घ्यायचा, तो कुणाकडे जाणार आणि उत्तर कधी मिळेल ते सांगायचं, स्वतः पाठपुरावा करायचा. जे हातात नाही त्याचं वचन द्यायचं नाही. एवढं नीट सांगणारा उमेदवार लक्षात राहतो.

दुसरा ठरलेला प्रश्न वसतिगृहाचा. रात्री फोन आला, रॅगिंग चाललंय, तर? इथे नियम माहीत असलेला आणि नसलेला लगेच ओळखू येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी नियम 2009 चे आहेत. प्रकरण फौजदारी ठरत असेल तर संस्थाप्रमुखाने 24 तासांत पोलिसांत गुन्हा नोंदवायचा असतो. "आपसात मिटवून घेऊ" हे वाक्य मुलाखतीत निघालं की संपलं. चोवीस तासांची हेल्पलाइन 1800-180-5522 आहे, ती पाठ असलेली बरी. मानसिक त्रासात असलेल्या विद्यार्थ्यासाठी टेलिमानसचा 14416 हा नंबर आहे. विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट चहाच्या टपरीवर बोलायची नाही, पण जीवाला धोका दिसला तर वरिष्ठांना सांगितल्याशिवाय राहायचंही नाही. हे दोन्ही एकाच उत्तरात यायला हवं.

बाकीची तयारी वाचून होते. विद्यार्थी तक्रार निवारणाचे 2023 चे नियम आहेत, त्यात समितीने शक्यतो 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि वर लोकपाल असतो. गुजरातमध्ये पदवी प्रवेशाचं जीकॅस पोर्टल 2024 पासून आहे, शिष्यवृत्तीसाठी डिजिटल गुजरात आहे. परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसा 180 दिवसांपेक्षा जास्त असेल तर आल्यापासून 14 दिवसांत नोंदणी करावी लागते, आणि तो उतरला की वसतिगृहाने 24 तासांत त्याची माहिती कळवायची असते. यातलं एखादं जरी व्यवस्थित सांगितलं तरी समोरचे कागदावरून मान वर करतात.

आता भाषेचं. गुजरात सरकारच्या भरती नियमांत "गुजराती किंवा हिंदी अथवा दोन्हींचं पुरेसं ज्ञान" अशी अट असते. बडोद्यातल्या मराठी मुलाला गुजराती बोलायची अडचण नसते. दांडिया बाजारापासून गोरव्यापर्यंत घरात मराठी आणि दारात गुजराती हे चालतच आलंय. गाडी अडते ती लिहिण्यात. चार ओळींची नोंद गुजरातीत लिहायला सांगितली की अनेकांची तारांबळ उडते, तेव्हा आठवडाभर आधी हात बसवलेला बरा. नवापूरकडून येणाऱ्याने तर नक्कीच. मराठी येतं हे मात्र लपवू नये. सीमेपलीकडून आलेला मुलगा आणि त्याचे आईवडील खिडकीवर उभे असताना त्याचाच उपयोग होतो.

सीमेवरच्यांसाठी आणखी एक, आणि हे अर्ज भरण्याआधी बघायचं. महाराष्ट्रातला जातीचा दाखला गुजरात राज्याच्या नोकरीत आरक्षणासाठी चालत नाही. स्थलांतरित उमेदवार इथे खुल्या गटात मोजला जातो. नंदुरबारचा आदिवासी मुलगा आरक्षणाच्या भरवशावर आला तर पहिल्याच टेबलावर धक्का बसतो.

कायमच्या पदांना लेखी परीक्षा असते. नुसत्या मुलाखतीवर मिळतात ती बहुधा कराराची कामं, अनेकदा 11 महिन्यांची, आणि पुष्कळदा एजन्सीमार्फत. म्हणून शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का?" असं म्हटलं की "नाही सर" म्हणून उठू नये. नेमणूकपत्र कोण देणार, विद्यापीठ की एजन्सी? पगार हातात किती आणि कागदावर किती? भविष्यनिर्वाह निधीचे 12 टक्के कापले जाणार का, आणि मालकाचा वाटा आकड्यात धरलाय की वेगळा? अनुभवाचा दाखला कुणाच्या लेटरहेडवर मिळेल? हा शेवटचा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही, पण दोन वर्षं विद्यापीठात राबून एखाद्या मनुष्यबळ पुरवठादाराचा दाखला घेऊन बाहेर पडणं म्हणजे काय, ते पुढच्या मुलाखतीत कळतं. नम्रपणे विचारलं तर कुणी रागावत नाही.

आणि कुणी "आतून करून देतो" म्हणत अनामत मागितली, तर पैसे न देता परत यावं. नेमणुकीसाठी असे पैसे कुठलंच विद्यापीठ घेत नाही. जाहिरातीतलं अर्ज शुल्क असेल तेवढंच भरायचं आणि त्याची पावती मागून घ्यायची.