घायपात, पऱ्हाटी आणि ग्वाल्हेरची हवा

ग्वाल्हेरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, लू म्हणजे कोरडा, तापलेला वारा वाहते. जुलै उजाडला की तीच हवा चिकट, दमट होते. वनस्पतीचे तंतू रेझिनमध्ये दाबून केलेली फळी या हवेत आधी आक्रसते, मग फुगते. नुसत्या ओलाव्यापेक्षा हे आक्रसणं-फुगणंच तिला अधिक खातं: तंतू आणि रेझिन यांच्यात बारीक भेगा पडतात, आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी त्याच वाटेनं आत शिरतं.

अशा फळ्या करण्याच्या आपल्याकडच्या प्रयत्नांचा एक धागा भोपाळचा. तिथली प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा (आताची अ‍ॅम्प्री) १९८१ सालची. घायपात आणि ताग तिथे रेझिनमध्ये बसवून पाहिले गेले. अ‍ॅल्युमिनियम उद्योगातला लाल चिखल, ताग आणि पॉलिस्टर यांची दारंही तिथे घडली. मुळातली अडचण मात्र तंतूतच होती. सेल्युलोजमधले हायड्रॉक्सिल गट पाणी धरून ठेवतात आणि हेमिसेल्युलोज त्याहून जास्त ओढतं. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात तंतू भिजवले की हेमिसेल्युलोज, मेण बरंचसं निघतं, पृष्ठभाग खडबडीत होतो, रेझिनची पकड बसते. द्रावण तीव्र झालं तर तंतूच कमजोर होतो. शिवाय धुतलेलं क्षारयुक्त पाणी सोडायचं कुठे? अ‍ॅसिटिलीकरण त्याहून चांगलं, कारण ते हायड्रॉक्सिल गटांनाच झाकतं. पण स्वस्त फळीला त्याचा खर्च झेपत नाही.

बंगळुरूच्या प्लायवूड संस्थेनं बांबूच्या चटयांना फिनॉल रेझिन लावलं. त्या फळीचं भारतीय मानक १९९४ साली निघालं. मुंबईच्या सिरकॉट या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांची, पार्टिकल बोर्डं केली, नागपुरात प्रायोगिक संयंत्र बसवलं. विदर्भात पऱ्हाटी बांधावर जळते, म्हणून हे काम मला फार मोलाचं वाटतं. बाजारात मात्र स्वस्त युरिया रेझिन चालतं, आणि ओल व उष्णता एकत्र आली की ते सुटू लागतं.

त्यात सुतारकामाची भर. फळीवर सनमायका लागतो, करवतीनं कापलेली कड उघडीच राहते. पाणी सर्वांत भराभर तिथूनच चढतं. सिंकखालची दारं नेमकी खालच्या कडेला फुगतात.

आपल्या चाचण्यांत तुकडा २ तास, २४ तास पाण्यात बुडवतात. युरोपात भिजवणं, गोठवणं, वाळवणं अशा ३ फेऱ्यांची चाचणी आहे. आपल्याला गोठवण्याची गरज नाही. मुरैना-भिंडच्या मोहरीच्या काडापासून उद्या फळी करायची असेल, तर पावसाळा आणि लू यांच्याच फेऱ्या आधी लावून पाहायला हव्यात, तुकड्याच्या कडा उघड्या ठेवून.