मतदानाला तीन दिवस असताना

फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या मार्केट यार्डात ५१२ किलो कांदा विकला. भाव लागला किलोला एक रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन पट्टी झाली २ रुपये ४९ पैशांची, आणि त्याचाही चेक पुढच्या तारखेचा. राज्यभर हळहळ झाली, राज्य सरकारने क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान दिलं. दिल्लीला कांद्याची काळजी वाटायला मात्र ऑगस्ट उजाडला, आणि ती काळजी नेमकी उलटी होती.

कारण आता भाव चढायची चिन्हं होती. टोमॅटोने आधीच घाम फोडलेला, त्यात मध्य प्रदेश, राजस्थानच्या निवडणुका तोंडावर. १९९८ साली दिल्ली राज्यातलं भाजपचं सरकार कांद्याच्या भावात वाहून गेलं, ही आठवण अजून ताजी आहे. १९ ऑगस्टला निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं. कागदावरचं कारण: देशात कांदा पुरेसा राहावा. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यात मूल्य आलं, ८ डिसेंबरला सरसकट बंदी.

ही तारीख सोलापूरच्या वर्मी लागली. उन्हाळी कांदा चाळीत काही महिने टिकतो. इथला मुख्य माल लाल कांदा. तो ठेवला की पाणी सुटतं, कोंब फुटतात. डिसेंबर-जानेवारीत दिवसाला शेकडो ट्रक यार्डात उतरतात, ते याचमुळे. ज्याला थांबायची सोयच नाही, त्याच्याच हंगामात दार बंद झालं.

एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला वाट मिळाली. महाराष्ट्रात ओरड झाली, तशी दोन दिवसांत सहा देशांसाठी ९९,१५० टनांची परवानगी असल्याचं जाहीर झालं. बंदी उठली ४ मे रोजी. सोलापूर आणि माढ्याचं लोकसभेचं मतदान होतं ७ मे रोजी!

उठली म्हणजे तरी काय? किमान मूल्य ५५० डॉलर, वर ४० टक्के शुल्क. ७७० डॉलरच्या खाली टनभर कांदा बाहेर जाणं मुश्कील. तोवर लाल कांदा बहुतेकांनी विकूनही टाकला होता. दोन्ही जागा भाजपच्या हातून गेल्या. माढ्यात स्थानिक नेते मोहिते-पाटलांनी भाजप सोडला होता, तेव्हा सगळंच कांद्याच्या खात्यावर मांडता येत नाही.

विधानसभा जवळ आली तसं १३ सप्टेंबरला किमान मूल्य रद्द झालं, शुल्क निम्म्यावर आलं. उरलेले २० टक्के १ एप्रिल २०२५ पासून गेले, पुन्हा लाल कांद्याचा हंगाम सरल्यावरच.

त्याच वर्षी २७ ऑगस्टला अमेरिकेने भारतीय मालावरचं जादा शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. सोलापुरी टॉवेलही त्यात आला. कारण सांगितलं रशियन तेलाचं. त्यामागचं राजकारण मात्र, कांद्याचा अनुभव गाठीशी असताना, गावात कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.