माजघरातली रेंज

गुहागरकडच्या आमच्या घरात फोनवर बोलायचं तर पडवीच्या तिसऱ्या खांबाशी जावं लागतं. आत्या कित्येक वर्षं तिथं उभी राहूनच बोलत आली. आता ती ऐंशीच्या घरात आहे, आणि पावसाळ्यात पडवीचा तो कोपरा निसरडा होतो. जांभ्याच्या जाड भिंती, मागे डोंगर, भोवती माड-पोफळी. माजघरात फोन ठेवला की रेंजची एखादी काडी दिसते, तीही असून नसल्यासारखी.

गेल्या वर्षी चुलतभावाने ऑनलाइन सिग्नल बूस्टर मागवला. कौलांच्या वर बांबूला अँटेना बांधली, वायर आत आणली, माजघरात डबी लावली. डबीवर हिरवा दिवा लागला, आत्याच्या फोनवर मात्र तीच एक काडी. फोन बंद करून चालू केला, सिम काढून परत घातलं, ब्लूटूथच्या यादीतही शोधून झालं. शेवटी आत्याने विचारलं, "अरे, पण माझा फोन ह्याला जोडायचा कसा?"

बूस्टर घेतलेला जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो. बूस्टरला फोन जोडायचाच नसतो. फोन बोलतो तो टॉवरशी. मधली डबी बाहेरचे सिग्नल मोठे करून आत सोडते आणि फोनचे सिग्नल मोठे करून बाहेर पाठवते, एवढंच. तिला नाव नसतं, पासवर्ड नसतो, ती फोनला ओळखत नाही. त्यामुळे फोनमध्ये शोधून ती सापडणारही नाही.

मग काडी का वाढली नाही? पहिलं कारण बँडचं, म्हणजे सिग्नलच्या पट्ट्यांचं. बाजारातल्या पुष्कळ डब्या ९००, १८०० आणि २१०० मेगाहर्ट्झ एवढेच पट्टे मोठे करतात. जिओचं फोर-जी ८५०, १८०० आणि २३०० वर चालतं, तर एअरटेल ९००, १८००, २१०० आणि २३०० वापरतं. गावच्या टॉवरवरून तुमच्या कंपनीचा जो पट्टा येतो तो डबीत नसेल, तर डबी असून नसल्यासारखी. २३०० ची गोष्ट तर आणखी वेगळी. तिथे टॉवर आणि फोन एकाच पट्ट्यावर आळीपाळीने बोलतात, सेकंदाच्या हजाराव्या भागात पाळी बदलते. ही पाळी अचूक सांभाळणं साध्या डबीला जमत नाही.

दुसरं कारण घराचंच. वरची अँटेना आणि आतली अँटेना यांच्यामध्ये भक्कम आडोसा लागतो. काँक्रीटच्या स्लॅबखाली तो थोडाफार मिळतो. कौलं आणि वासे फारसं अडवत नाहीत. मग आतला मोठा झालेला सिग्नल वरची अँटेना पुन्हा ऐकते, डबी तो पुन्हा मोठा करते. देवळात कीर्तनाच्या वेळी माइक कर्ण्यासमोर आला की जी शिट्टी वाजते, तोच हा प्रकार, फक्त कानाला न ऐकू येणारा. बऱ्या डब्या अशा वेळी स्वतःची ताकद उतरवतात. दिवा हिरवा राहतो आणि घरात काही पोचत नाही.

स्वस्त डबी शिट्टी घालतच राहते, आणि ती शिट्टी ऐकतो गावचा टॉवर. फोर-जीवर फोन साधारण पाव वॅटहूनही कमी ताकदीने बोलतो, म्हणून टॉवरला फार बारीक कान ठेवावे लागतात. त्या कानाशी एखाद्या घरातून अखंड गोंगाट सुरू झाला की आसपासच्या सगळ्यांचे कॉल तुटू लागतात. रात्री कुणी डॉक्टरला फोन लावत असेल, तर त्याचाही. म्हणूनच आपल्याकडे परवानाधारक दूरसंचार कंपन्या सोडून इतर कुणी बूस्टर बाळगणं, विकणं किंवा वापरणं बेकायदा आहे. दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये हे पुन्हा एकदा जाहीरपणे बजावलं. चुलतभावाला हे माहीत नव्हतं; डबीच्या खोक्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. कळलं त्याच दिवशी त्याने बांबू उतरवला.

फोन खरोखर 'जोडून' घेणारी यंत्रं असतात, पण ती वेगळी. त्यांना फेम्टोसेल म्हणतात: ब्रॉडबँडला लावलेला, कंपनीनेच दिलेला इवलासा टॉवर. अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांनी एटी अँड टीचा मायक्रोसेल वापरला आहे. त्यात घरातल्यांचे नंबर आधी नोंदवावे लागत, यंत्राला जीपीएस मिळावं म्हणून ते खिडकीपाशी ठेवावं लागे, आणि फोन जोडला गेला की कंपनीच्या नावापुढे 'एम-सेल' उमटे. २०२२ मध्ये तिथलं थ्री-जी बंद झालं आणि ही यंत्रं निकामी झाली. तोवर त्यांचं काम साध्या वायफायने हाती घेतलं होतं.

आत्याच्या घरचा प्रश्नही वायफायनेच सोडवला. गावात फायबरचं इंटरनेट आलं होतं. भारतात एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये वायफाय कॉलिंग सुरू केलं, जिओने जानेवारी २०२० मध्ये. यात फोन टॉवरला न शोधता घरच्या इंटरनेटवरून कंपनीच्या यंत्रणेपर्यंत एक सुरक्षित बोगदा काढतो, सिमवरून ओळख पटते, आणि कॉल नेहमीच्याच नंबरवर येतो-जातो. वेगळं अ‍ॅप नको, आत्याला नवीन काही शिकायला नको.

तरी पहिल्या दिवशी जमलं नाही. फोनच्या सिम-सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू केलं होतं, पण फोन त्या एका काडीलाच धरून बसला. टॉवर थोडासा जरी ऐकू आला तरी बरेच फोन तो सोडत नाहीत. काही अँड्रॉइड फोनांत 'कॉलसाठी वायफायला प्राधान्य' असा पर्याय असतो, तो निवडला. पर्याय नसेल तर घरात विमान मोड लावून फक्त वायफाय चालू ठेवायचं, की फोनला दुसरी वाटच उरत नाही. तरीही वरच्या पट्टीत वायफाय कॉलिंगची खूण दिसेना. दोष राउटरचा निघाला. हा बोगदा ५०० आणि ४५०० या दोन पोर्टांतून जातो आणि आमच्या राउटरने ते अडवले होते. ते मोकळे केले आणि मिनिटाभरात खूण उमटली.

एक गोष्ट मात्र आधीच करायला हवी होती. वीज गेली की राउटर बंद, म्हणजे फोनही बंद, आणि कोकणात पावसाळ्यात वीज जाते ती कधीकधी दिवसभर. आता राउटरला छोटी बॅटरी आहे, चार-पाच तास पुरते. आमची गावची माणसं एकटी राहतात, त्यांच्या हाकेला वाट असलीच पाहिजे. म्हणून बॅटरीचा खर्च वायफायच्या खर्चातच धरावा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

आत्या आता माजघरात पाटावर बसून बोलते. तिच्या फोनमध्ये दोन सिमं आहेत आणि वायफाय कॉलिंगचं सेटिंग प्रत्येक सिमचं वेगळं असतं. दुसऱ्या सिमवर ते अजून चालू झालेलं नाही, आणि बँकेचा ओटीपी त्याच सिमवर येतो. त्यासाठी ती अजून तिसऱ्या खांबाशी जाते. आम्ही तिथे कठडा बसवून घेतला आहे.