कालवांचं ऊन आणि फुप्फुसातली गाठ

पोरांनो, मे महिन्यात भर दुपारच्या ओहोटीला न्हाव्याच्या किनाऱ्यावरच्या खडकाला हात लावून बघा. चटकाच बसतो. त्याच खडकाला कालवं चिकटलेली असतात. पाणी उतरलं की निवटी उड्या मारत ओला चिखल गाठते, चिंबोरी बिळात शिरते. कालवाला पायच नाहीत. त्यानं शिंपला मिटायचा आणि भरती येईपर्यंत तापत राहायचं. बंदर झालं, कंटेनरची जहाजं लागू लागली, अटल सेतू आला, पण कालवाचा हा रोजचा ताप काही चुकला नाही. आणि तरीही ते मरत नाही.

का मरत नाही? पेशीतली प्रथिनं म्हणजे ठरावीक घडी घातलेले लांबलचक धागे. घडी नीट असेल तर काम नीट. उष्णता वाढली की घड्या मोडतात आणि धागे एकमेकांत गुंततात. अंड्यातला पांढरा भाग शिजून घट्ट होतो तो यामुळेच, आणि मग तो पुन्हा पातळ होत नाही. कालवाच्या पेशींत मात्र ऊन चढू लागताच काही खास प्रथिनं झपाट्यानं बनतात. ती मोडलेल्या धाग्यांना धरून ठेवतात, गुंतू देत नाहीत आणि घडी परत घालायला मदत करतात. २०१२ साली प्रशांत महासागरातल्या कालवाची सगळी जनुकं वाचून झाली, तेव्हा या प्रथिनांच्या एकाच घराण्याची ८८ जनुकं त्यात निघाली. माणसात ती १७च्या आसपास आहेत. ज्याला पळता येत नाही, त्याला निसर्गानं केवढी शिदोरी बांधून दिली पाहा!

या शिदोरीचा पहिला सुगावा लागला तो इटलीत. फेरुच्चिओ रितोसा नावाचे शास्त्रज्ञ फळमाशीच्या अळ्यांवर काम करत होते. अळीच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रं इतकी जाड असतात की साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतात, आणि जिथलं जनुक कामाला लागतं तिथं ती फुगतात. एकदा एका सहकाऱ्यानं पेटीचं तापमान वाढवून ठेवलं. रितोसांनी पाहिलं तर भलत्याच जागी फुगवटे! दुसऱ्या कुणी नमुना बिघडला म्हणून टाकून दिला असता. त्यांनी मुद्दाम पुन्हा तापवून पाहिलं. काही मिनिटांत तेच फुगवटे, त्याच जागी. एका नामांकित नियतकालिकानं त्यांचा लेख परत पाठवला, पण १९६२ मध्ये तो दुसरीकडे छापून आला. ती प्रथिनं प्रत्यक्ष हाती लागायला १९७४ उजाडलं. पुढे ती भाताच्या रोपात, जिवाणूत, तुमच्या-माझ्यात, सगळीकडे सापडली.

आता यातली खरी गंमत. या जनुकांच्या आधी डीएनएचा एक छोटा तुकडा असतो. ते जनुकाचं बटण समजा. पेशीत एक प्रथिन एरवी एकेकटं फिरत असतं. पेशी तापली की तशी तिघं एकत्र येतात, त्या तुकड्यावर बसतात आणि जनुक चालू होतं.

आता फुप्फुसातल्या गाठीकडे वळू. कर्करोगाची गाठ ४१ ते ४३ अंशांपर्यंत तापवली तर तिच्या पेशी दुबळ्या होतात, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. पण कर्करोगाच्या पेशीकडेही तीच शिदोरी असते, आणि ती तर बहुधा भरलेलीच. एकदा तापवल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी पुन्हा तापवा, गाठ दाद देत नाही. कालवाला तारणारी युक्ती गाठीलाही तारते!

इथं शास्त्रज्ञांनी काय डोकं लढवलं, ऐका. उष्णतेचं बटण घ्यायचं आणि त्याच्यापुढे वाचवणाऱ्या जनुकाऐवजी मारणारं जनुक जोडायचं. हा जोड गाठीच्या पेशीत पोहोचवायचा आणि गाठ तापवायची. पेशी स्वतःला वाचवायला धावते, बटण दाबलं जातं आणि तिच्याच हातून तिचा घात होतो. मला विचाराल तर सगळ्या जनुकोपचारांत इतकी देखणी कल्पना दुसरी नाही.

फुप्फुसाच्या गाठीत जनुक सोडण्याचा प्रयोग उष्णतेशिवाय आधीच झाला होता. पी-५३ नावाचं जनुक बिघडलेल्या पेशीला वाढू देत नाही. अनेक गाठींत तेच मोडलेलं असतं. अमेरिकेत ह्यूस्टनला जॅक रॉथ यांच्या चमूनं विषाणूवर बसवून त्याची चांगली प्रत नऊ रुग्णांच्या गाठींत टोचली. १९९६ साली त्यांनी निकाल मांडला: तिघांच्या गाठी आक्रसल्या, आणखी तिघांच्या वाढायच्या थांबल्या. अडचण एकच, टोचलेलं जनुक गाठीतल्या प्रत्येक पेशीपर्यंत पोहोचत नाही.

मग पेशीच पाठवल्या तर? त्यासाठी लांब जायला नको. आपल्या खारघरला टाटा स्मारक केंद्राचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. तिथं जून २०२१ मध्ये एका रुग्णाच्या लढाऊ टी-पेशींत नवं जनुक घालून त्या त्यालाच परत दिल्या. आयआयटी मुंबईत घडवलेल्या या उपचाराला, नेक्सकार-१९ला, ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. तो रक्ताच्या काही कर्करोगांवर चालतो. फुप्फुसातल्यासारख्या घट्ट गाठीत मात्र अशा पेशी थकतात, आणि जास्त जोर दिला तर निरोगी अवयवांनाही इजा करू शकतात. म्हणून अमेरिकेत जॉर्जिया टेकच्या गेब क्वाँग यांच्या गटानं टी-पेशींनाच उष्णतेचं बटण बसवलं. २०२१ साली त्यांनी उंदरांच्या गाठी सोन्याच्या अतिसूक्ष्म काड्या आणि लेझरनं ४० ते ४२ अंशांपर्यंत तापवून दाखवल्या. जिथं ऊब, तिथंच पेशींना जोर.

"आजोबा, मग साधा ताप आला तर?" धाकटीनं विचारलंच. बाय, अगदी बरोबर विचारलंस. शिवाय मूळ बटण प्राणवायू कमी पडला तरीही दाबलं जातं. म्हणून क्वाँग यांच्या गटानं त्यातला फक्त उष्णता ओळखणारा भाग घेऊन नवं बटण रचलं. ते नेहमीच्या अंगाच्या उबेला गप्प राहतं आणि उष्णता पुरेशी चढली तरच जागं होतं.

राहिला प्रश्न फुप्फुसाचा. ते हवेनं भरलेलं, त्यामुळे तापवण्यासाठी वापरतात त्या ध्वनिलहरी त्यात शिरत नाहीत. रक्ताचा प्रवाह इतका मोठा की दिलेली ऊब वाहून नेतो. आणि गाठ प्रत्येक श्वासाबरोबर हलते. चुंबकीय सूक्ष्मकण गाठीत सोडून बाहेरच्या चुंबकक्षेत्रानं तापवायचे, हा एक मार्ग आहे. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रातही अशा कणांवर काम झालं आहे. हलत्या गाठीत ४२ अंश काही मिनिटं टिकवायचे आणि शेजारच्या निरोगी भागाला चटका लागू द्यायचा नाही, हे काम डॉक्टरांइतकंच भौतिकशास्त्रज्ञांचं आणि इंजिनीअरांचं आहे, आणि ते अजून व्हायचं आहे.