सिनेमाचं पुणं मुलांना दाखवताना

सहलीची नोटीस लागली की एखादे तरी पालक शाळेत येतातच. यंदा नववीतल्या एका मुलीचे दादा आले. म्हणाले, "सर, पुण्याला न्या, शनिवारवाडा दाखवा, कात्रजचे साप दाखवा. पण सिनेमाच्या जागा कशाला? आम्ही मुलांना तालीम घ्यायला पाठवतो."

त्यांचं बोलणं आम्ही मनावर घेतलं, कारण त्याच आठवड्यात वर्गात एक मुलगा दुसरंच काही बोलून गेला होता. "सर, सिनेमात आपला माणूस एकतर गुंड असतो, नाहीतर हिरोचा दोस्त. आणि तो दोस्तसुद्धा शेवटच्या आधी मरतो." वर्ग हसला. आम्हाला हसू आलं नाही.

दादांची काळजी आणि त्या मुलाची तक्रार, दोन्हींचं उत्तर पुण्यात एकाच रस्त्यावर सापडतं. म्हणून हा लेख. ज्यांची मुलं पुण्यात शिकतात किंवा पुढे शिकायला जाणार आहेत, त्यांनी सुट्टीच्या दिवशी घरच्यांबरोबर ही फेरी जरूर करावी.

पहिला थांबा, लॉ कॉलेज रस्त्यावरची फिल्म इन्स्टिट्यूट. ही सरकारी संस्था १९६० साली सुरू झाली, पण जागा त्याहून जुनी आहे. कोल्हापुरात १९२९ साली निघालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली आणि तिने इथे स्टुडिओ बांधला. 'संत तुकाराम' इथलाच. स्टुडिओ म्हणजे काय, हे मुलांना आधी समजावून सांगावं लागतं. गोदामासारखी उंच, बंद इमारत. आत बाहेरचा उजेड नको आणि आवाजही नको. त्या रिकाम्या जागेत सुतार, रंगारी आणि शिंपी मिळून गाव उभं करतात, दिवे लावून सकाळ किंवा संध्याकाळ करतात आणि काम संपलं की सगळं मोडून टाकतात. पडद्यावर दिसतं ते असं कुणीतरी ठरवून, हातांनी बनवलेलं असतं. ही एक गोष्ट मुलांच्या डोक्यात बसली तरी फेरीचं निम्मं काम झालं.

याच स्टुडिओत व्ही. शांताराम यांनी १९४१ साली 'शेजारी' काढला. हिंदीत तोच 'पडोसी'. एका खेड्यात पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहणारे दोन वयस्क दोस्त, एक हिंदू आणि एक मुसलमान. धरणासाठी जमीन हवी असलेला माणूस त्यांच्यात वितुष्ट आणतो. घरं फुटतात, मनं फुटतात आणि शेवटी धरण फुटतं, तेव्हा दोघं एकत्रच जातात. हिंदीत ठाकूर झाले होते मजहर खान आणि मिर्झा झाले होते गजानन जागीरदार. म्हणजे मुसलमान नटाने हिंदू शेजारी उभा केला आणि हिंदू नटाने मुसलमान. देशात फाळणीची भाषा सुरू झाली होती, त्या काळातली ही गोष्ट. 'आपला माणूस नेहमी असाच दाखवतात' म्हणणाऱ्या मुलाला आम्ही हेच सांगितलं. बेटा, नेहमी नाही. कसं दाखवायचं ते बनवणारा ठरवतो. मग बनवणाऱ्यांत आपण आहोत का, हा प्रश्न आधी स्वतःला विचारायचा.

आणि आपण होतो. इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या आंब्याच्या झाडाला तिथले विद्यार्थी 'विज्डम ट्री' म्हणतात. या संस्थेत शबाना आझमी शिकल्या, नसीरुद्दीन शाह शिकले. सईद मिर्झा इथूनच गेले आणि टीव्हीवर 'नुक्कड' घेऊन आले, जी आपल्यापैकी अनेकांनी शेजाऱ्याच्या घरी बसून पाहिली. केरळच्या एका गावातून आलेले रसूल पुकुट्टी इथे आवाजाचं तंत्र शिकले आणि २००९ साली 'स्लमडॉग मिलियनेअर'साठी त्यांना ऑस्कर मिळालं. ते पडद्यावर कुठेच दिसत नाहीत. नाचगाण्यापलीकडे सिनेमात किती प्रकारची कामं असतात, हे पालकांना सांगताना त्यांचं उदाहरण आम्हाला फार उपयोगी पडतं.

उर्दूवाल्यांसाठी आणखी एक आठवण. चाळीसच्या दशकात डब्ल्यू. झेड. अहमद यांची शालिमार पिक्चर्स पुण्यात होती. जोश मलीहाबादी, कृष्ण चंदर, अख्तर उल ईमान अशी माणसं तिच्यासाठी लिहायला पुण्यात येऊन राहिली होती. फाळणीनंतर अहमद पाकिस्तानात गेले. उर्दूचा पेपर अवघड जातो म्हणून रडणाऱ्या आमच्या मुलांना, या शहरात कधीकाळी उर्दू लिहिण्याचा पगार मिळत होता, हे ऐकून नवल वाटलं.

दुसरा थांबा त्याच रस्त्यावर, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, स्थापना १९६४. जुन्या फिल्म इथे जपून ठेवतात. जुनी फिल्म चटकन पेट घ्यायची, आणि तिच्यातली चांदी काढण्यासाठी लोक ती गाळूनही टाकत. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चा काही भाग आज आपण पाहू शकतो तो जपल्यामुळे. उलट आपला पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१ सालचा, त्याची एकही प्रत आज उरलेली नाही. हे सांगितल्यावर एका मुलीने विचारलं, "सर, आमच्या अम्मी-अब्बांच्या शादीची कॅसेट पेटीत आहे. तीपण जाईल का?" जाईल. पेटीत पडून राहिली तर नक्की जाईल. घरी जाऊन आधी ती कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.

तिसरा थांबा नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेस. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून सुलतान मोहम्मद शाह आगाखान यांनी १८९२ साली तो बांधला. १९४२ ते १९४४ गांधीजी इथे नजरकैदेत होते. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा इथेच वारले, दोघांच्या समाध्या इथे आहेत. अ‍ॅटनबरो यांच्या 'गांधी' या १९८२ सालच्या चित्रपटाचं काही चित्रीकरणही इथेच झालं. स्टुडिओत खोटं गाव खरं वाटतं, आणि इथे खऱ्या जागेत खरा प्रसंग पुन्हा उभा केला. मुलांना हा फरक जागेवर उभं राहून पटकन कळतो. सेल्फी मात्र समाधीपासून दूर, हे निघण्याआधीच बजावा.

जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. इन्स्टिट्यूट आणि संग्रहालय ही कामाची ठिकाणं आहेत, बाग नाही. आत वर्ग आणि शूटिंग चालू असतं. शाळेच्या लेटरहेडवर आधी पत्र पाठवा आणि परवानगी आल्यावरच निघा. दुसरं, जाण्याआधी घरी किंवा वर्गात एक जुना सिनेमा दाखवा आणि तीन प्रश्न लिहून आणायला सांगा. हे कुणी बनवलं? कुठे बनवलं? यात कुणाची बाजू आली नाही?

सहलीनंतर ते दादा पुन्हा भेटले. नातीने घरी काय काय सांगितलं होतं कोण जाणे. जरा घुटमळत म्हणाले, "सर, ते आवाजाचं शिक्षण, पुकुट्टींवालं, ते दहावीनंतर असतं का?"

आम्ही म्हणालो, "नाही दादा. तिथल्या तीन वर्षांच्या कोर्सला आधी पदवी लागते, शिवाय प्रवेश परीक्षा. म्हणजे अजून किमान सहा वर्षं तिला शिकवावंच लागेल."

दादा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ते तर शिकवणारच होतो."