सैतानाचा निवाडा पहिल्याच सर्गात नको

‘पॅराडाइज लॉस्ट’चा खरा नायक सैतान आहे का? इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. किंवा एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या येत राहिला आहे. उत्तरं बहुधा दोन प्रकारची असतात. सैतान शूर आहे, हरूनही वाकत नाही, म्हणून तोच नायक, असं काही जण लिहितात. तो पापी आहे, देवाचा वैरी आहे, म्हणून तो नायक असूच शकत नाही, असं बाकीचे लिहितात. अडचण अशी की, दोन्ही उत्तरं लिहिणाऱ्यांनी अनेकदा फक्त पहिला सर्ग वाचलेला असतो, कारण अनेक ठिकाणी अभ्यासक्रमात तेवढाच नेमलेला असतो. काव्य मात्र बारा सर्गांचं आहे.

जॉन मिल्टनचं हे महाकाव्य 1667 मध्ये दहा सर्गांत प्रसिद्ध झालं आणि 1674 मध्ये बारा सर्गांत नव्यानं मांडलं गेलं. ओळी साडेदहा हजारांहून जास्त. 1652 पर्यंत मिल्टनची दृष्टी पूर्ण गेली होती, त्यामुळे हे काव्य त्यानं तोंडी सांगून इतरांकडून लिहवून घेतलं. देवाविरुद्ध बंड करून हरलेला सैतान नरकात पडतो, सूड म्हणून देवानं घडवलेल्या पहिल्या माणसांना, आदम आणि ईव्ह यांना, भुलवतो आणि त्या दोघांना स्वर्गीय बागेतून बाहेर पडावं लागतं, ही त्याची कथा.

बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात ही गोष्ट अगदी थोडक्यात येते. तिथे बोलतो तो नुसता सर्प, आणि फळाला नावही नाही. हा सर्प म्हणजेच सैतान, ही समजूत पुढच्या काळात रुजली. सैतानाची भाषणं, त्याच्या मनातली तगमग हे सगळं मिल्टननं रचलं. त्यामुळे ‘बायबलमध्ये असं आहे’ आणि ‘मिल्टनच्या काव्यात असं आहे’ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणं, हे विद्यार्थ्याचं पहिलं काम.

पहिला सर्ग वाचताना सैतानाच्या बाजूनं मन झुकतं, यात वाचकाचा दोष नाही. जळत्या सरोवरात पडलेला हा सेनापती उठतो, खचलेल्या साथीदारांना उभं करतो, पराभव मान्य करायला नकार देतो. त्याच्या ढालीचं वर्णन करताना मिल्टन गॅलिलिओच्या दुर्बिणीतून दिसणाऱ्या चंद्राची आठवण काढतो. गॅलिलिओला आपण भेटलो होतो, असं मिल्टननं स्वतःच ‘ॲरिओपॅजिटिका’ या 1644 मधल्या पुस्तिकेत लिहून ठेवलं आहे. इतकं वैभव ज्याच्या वाट्याला आलं, त्याच्याकडे कवीचा ओढा असणारच, असं वाटणं साहजिक आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम ब्लेकनं तर म्हटलंच की, मिल्टन नकळत सैतानाच्याच पक्षाचा होता. पुढे कवी शेलीनंही सैतानाला देवापेक्षा नैतिकदृष्ट्या वरचं स्थान दिलं.

याला मिल्टनचं चरित्रही पूरक ठरतं. पहिल्या चार्ल्स राजाला 1649 मध्ये मृत्युदंड झाला, तेव्हा मिल्टननं राजाविरुद्धच्या बाजूनं लेखणी चालवली आणि नव्या प्रजासत्ताकाची नोकरी पत्करली. 1660 मध्ये राजेशाही परत आली, तेव्हा त्याची पुस्तकं जाळली गेली आणि त्याला काही काळ कैदेत राहावं लागलं. राजसत्तेशी उभा दावा मांडलेला हा माणूस स्वर्गाच्या सिंहासनावर बसलेल्या देवाची बाजू घेऊन महाकाव्य लिहितो, तेव्हा वाचक बुचकळ्यात पडतोच.

या कोड्याचं उत्तर पुढच्या सर्गांत शोधावं लागतं. दुसऱ्या सर्गात नरकातली सभा भरते. पृथ्वीवर जाऊन माणसाला भुलवण्याची योजना बील्झबब मांडतो, पण मिल्टन लगेच सांगून टाकतो की, ती मुळात सैतानाचीच आहे. हा धोक्याचा प्रवास कोण करणार, असं विचारल्यावर सभा गप्प होते. सैतान उठतो आणि मी जातो म्हणतो. इथपर्यंत तो वीर आहे. पण दुसऱ्या कुणी नंतर हिंमत दाखवून मोठेपणात वाटा मागू नये, म्हणून तो लगेच सभा उठवतो. तिसऱ्या सर्गात स्वर्गातही अशीच सभा आहे. माणसासाठी मरायला कोण तयार आहे, असं देव विचारतो आणि तिथेही शांतता पसरते. मग देवाचा पुत्र पुढे येतो. हे दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचले की, त्याग आणि त्यागाचा देखावा यांतला फरक विद्यार्थ्याला कुणी सांगावा लागत नाही.

बंडाचं मूळ पाचव्या सर्गात उलगडतं. देव आपल्या पुत्राला सर्वांचा प्रमुख म्हणून जाहीर करतो आणि ते सैतानाला खपत नाही. स्वातंत्र्याची भाषा त्यानंतर येते. त्याच्या सगळ्या सैन्यात अब्दिएल हा एकटा देवदूत त्याला तोंडावर विरोध करतो आणि त्या जमावातून निघून जातो. सत्तेपुढे न झुकणारा एकटा माणूस मिल्टनला किती प्रिय होता, हे पाहायचं तर अब्दिएलकडे पाहावं.

सैतानाची रूपंही एकामागून एक लिहून काढावीत. सूर्यावरच्या युरिएल या देवदूताला फसवण्यासाठी तो कोवळा देवदूत होतो. चौथ्या सर्गात तो जीवनवृक्षावर पाणकावळा होऊन बसतो, मग सिंह आणि वाघ होतो, आणि रात्री झोपलेल्या ईव्हच्या कानाशी बेडूक होऊन तिच्या स्वप्नात विष कालवतो. पहाऱ्यावरचा इथुरिएल भाल्याचं टोक लावतो, तेव्हा त्याला खऱ्या रूपात यावं लागतं. पण आलेल्या देवदूतांना तो ओळखूसुद्धा येत नाही, इतकं त्याचं तेज गेलेलं असतं. नवव्या सर्गात तो साप होतो. दहाव्या सर्गात विजय मिळवून नरकात परततो, भाषण करतो, टाळ्यांची वाट पाहतो आणि ऐकू येतात ते फुत्कार, कारण त्याच्यासह सगळ्या सेनेचे साप झालेले असतात. पहिल्या सर्गातल्या सेनापतीचा प्रवास इथे पोचतो.

पण मिल्टन त्याला नुसता खलनायकही करत नाही. चौथ्या सर्गाच्या सुरुवातीला सैतान एकटाच बोलतो. देवानं आपलं काही वाईट केलं नव्हतं, हे तो स्वतःशी कबूल करतो. पश्चात्तापाचा विचार त्याच्या मनात येतो आणि साथीदारांपुढे मान खाली जाईल या धास्तीनं तो विचार मागे पडतो. ईव्हला पाहून क्षणभर त्याचा दुष्टपणाही गळतो. परत फिरण्याची वाट दिसत असताना तो फिरत नाही. मिल्टनच्या धर्मविचाराचा गाभा हाच आहे. देवदूत असो की माणूस, प्रत्येकाला निवड करता येते आणि त्या निवडीची जबाबदारी त्याचीच.

विसाव्या शतकात हा वाद विद्यापीठांत पुन्हा पेटला. सी. एस. लुईसनं 1942 मध्ये आलेल्या पुस्तकात सैतानाच्या बाजूनं होणाऱ्या वाचनाला कडक उत्तर दिलं. विल्यम एम्पसननं 1961 मध्ये उलट सांगितलं की, या काव्यातला देवच क्रूर आहे आणि काव्याची ताकद त्यातच आहे. 1967 मध्ये स्टॅन्ले फिशनं तिसरी वाट काढली: वाचकानं सैतानाच्या वक्तृत्वाला भुलावं आणि मग स्वतःची चूक ओळखावी, अशीच मिल्टनची योजना आहे. ईव्हबद्दलही असाच खल झाला. सँड्रा गिल्बर्ट आणि सुझन गुबार यांनी 1979 मध्ये मिल्टनची स्त्रीप्रतिमा लेखिकांच्या वाटेत कशी आडवी आली, हे दाखवलं. इतर अभ्यासकांनी तिच्या नवव्या सर्गातल्या युक्तिवादाकडे लक्ष वेधलं. वेगळं राहून काम करू द्या, ज्या सद्गुणाची कधी परीक्षाच झाली नाही त्याला काय अर्थ, असं ती आदमला विचारते. मिल्टननं स्वतः ‘ॲरिओपॅजिटिका’त जवळपास हाच मुद्दा मांडला होता.

वर्गाबाहेरच्या वाचकांनीही हे काव्य आपापल्या आयुष्याशी ताडून पाहिलं. मेरी शेलीच्या 1818 मधल्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरीतला जीव हे पुस्तक खरा इतिहास समजून वाचतो. आधी स्वतःला आदमशी आणि मग सैतानाशी ताडून पाहतो. अमेरिकेतल्या नॉरफोक तुरुंगात, पुढे कृष्णवर्णीयांचा नेता झालेल्या माल्कम एक्सनं ते वाचलं आणि त्याला सैतानात युरोपच्या सत्ता दिसल्या.

भारतात मिल्टन पोचला तो इंग्रजी राजवटीबरोबर. सरकारी शाळांत धर्म शिकवायचा नाही असं धोरण असताना ख्रिस्ती नीतिविचार इंग्रजी साहित्याच्या वाटेनं कसा आला, हे गौरी विश्वनाथन यांनी 1989 च्या ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ या पुस्तकात दाखवलं आहे. पण विद्यार्थी ठरवून दिलेला अर्थ तेवढाच घेत नाहीत. कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात शिकलेल्या मायकेल मधुसूदन दत्त यांनी मिल्टनचा निर्यमक छंद बंगालीत आणला आणि 1861 च्या ‘मेघनादवध काव्या’त सहानुभूती दिली ती रावण आणि मेघनादाला.

मराठी विद्यार्थ्यालाही सैतान वाचताना रावण आठवतो. तुलना करावी, पण कुठे फसते तेही पाहावं. रावण शिवभक्त आहे. पुराणकथेनुसार रावण-कुंभकर्ण हे विष्णूचे द्वारपाल जय-विजय. वैरानं का होईना, ते देवाचंच चिंतन करतात आणि शेवटी त्याच्याकडे परततात. मिल्टनचा सैतान असा परतत नाही.

एका जागी मात्र मराठी विद्यार्थी मिल्टनपेक्षा जास्त जाणतो. फळ खाल्ल्यावर आदम आणि ईव्ह अंग झाकायला पानं शोधतात, ती ज्या झाडाची, ते मलबार आणि दख्खनमध्ये वाढतं, असं मिल्टन सांगतो. फांद्यांतून जमिनीत उतरून मुळं धरणाऱ्या पारंब्या, सावलीत बसून गुरं राखणारा गुराखी असं वर्णन येतं, म्हणजे तो आपला वड. पानं मात्र मिल्टननं ढालीएवढी रुंद केली आहेत. वडाचं पान तळहाताएवढं असतं, हे आपल्याकडच्या मुलाला ठाऊक असतं.

आणखी एक दुवा गोव्याचा. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री 1579 मध्ये गोव्यात आला. त्याचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापलं गेलं, तेव्हा मिल्टन सात वर्षांचा होता. सृष्टीच्या निर्मितीपासून पुढची बायबलची कथा या इंग्रजानं मराठी ओवीत, जवळपास अकरा हजार ओव्यांत सांगितली. आदम आणि एवाची गोष्ट आपल्या भाषेत मिल्टनच्या आधी काव्यात आली होती, हे मिल्टन शिकणाऱ्या किती विद्यार्थ्यांना सांगितलं जातं?

धार्मिक विषयाची कलाकृती वाचायला तो धर्म मानावा लागत नाही. त्यातली माणसं कशावर श्रद्धा ठेवतात, कशाला पाप म्हणतात, हे मात्र जाणून घ्यावं लागतं. त्याशिवाय सैतानाचं बंड नुसता आवेश वाटतं आणि ईव्हची चूक नुसता भोळेपणा.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी पहिल्या सर्गाबरोबर निदान चौथा आणि नववा नेमावा. ते होईपर्यंत विद्यार्थ्यांनी मार्गदर्शक पुस्तकं बाजूला ठेवून चौथ्या सर्गातलं सैतानाचं स्वगत स्वतः वाचावं, मग दहाव्यातला सापांचा प्रसंग वाचावा आणि नायक कोण, याचं उत्तर त्यानंतर लिहायला घ्यावं.