उभी गाडी थरथरते, तेव्हा कार्बोरेटर खोलण्याआधी

आमच्या काही व्यापारी बांधवांकडे माल पोचवायला आजही कार्बोरेटरवर चालणारी जुनी ओम्नी किंवा मारुती ८०० आहे. रस्त्यावर ती बरी पळते, पण सिग्नलला थांबली की थरथरते, कधी बंदच पडते. गॅरेजात बहुधा कार्बोरेटरचे किट बदलले जाते. पैसे जातात आणि दुखणे तसेच राहते. आमचा सल्ला असा की, आधी इंजिनात चोरटी हवा कोठून शिरते ते पाहावे.

अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. तेव्हा मॅनिफोल्डमधील ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, फार जोरात असतो. तडकलेली रबरी नळी किंवा सुकलेले गॅस्केट यातून हवा आत जाते आणि पेट्रोलचे मिश्रण पातळ होते. रेस दिली की तेवढी हवा नगण्य ठरते, म्हणून दोष लपतो. चोक थोडा ओढून इंजिन सुधारले तर मिश्रण पातळ आहे असे समजावे. जेट तुंबल्यानेही असे होते, म्हणून पुढची तपासणी हवीच.

इंजिन चालू ठेवून हातभर रबरी नळीचे एक टोक कानाशी धरावे, दुसरे जोडांजवळ फिरवावे. गळती असेल तेथे फुसफुस ऐकू येते. सदऱ्याची बाही पंख्यापासून व पट्ट्यापासून दूर ठेवावी. मग व्हॅक्यूमची एकेक नळी पक्कडीने हलकेच दाबावी. इंजिन स्थिर झाले तर दोष त्या नळीत किंवा ती जेथे जाते त्या भागात. कार्बोरेटरच्या बुडाशी व मॅनिफोल्डच्या सांध्यावर थोडे पाणी फवारावे. आवाज बदलला तर गॅस्केट गेले. डिस्ट्रिब्युटर मात्र भिजू देऊ नये. काही मिस्त्री येथे पेट्रोल शिंपडतात. तापल्या इंजिनावर हा आगीशी खेळ आहे, तो करू देऊ नका.

ब्रेकला बूस्टर असेल तर त्याची नळी सोडू नये. ती फाटली की ब्रेक जड होतो, आणि माल भरलेल्या गाडीत ते जिवावर बेतते. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग दाबून धरून इंजिन चालू करावे. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. न गेल्यास गाडी बाहेर काढू नये.

केवळ स्क्रू फिरवून आयडलिंग वाढवणे म्हणजे दोष झाकणे. पातळ मिश्रणावर गाडी हाकत राहिल्यास व्हॉल्व्ह जळतात, आणि तो खर्च हातभर नळीच्या किमतीत बसत नाही.